पटावरची नावे

आम्ही दोघी बहिणी मंडईतल्या. आई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसायची, तिच्यामागे आम्ही बसू लागलो. शाळाही जवळचीच, महापालिकेची. वर्गात हमालांची, झाडूवाल्यांची मुले असत, तशीच पेठेतल्या कारकुनांची, दुकानदारांचीही असत. एका बाकावर तिघी. डबा कोणी कोणाबरोबर खायचा, हे मात्र न सांगता ठरलेले असे.

नाव घालायच्या दिवशी दादांचा गुरुजींशी वाद झाला. गुरुजी जुनी जात लिहीत होते. दादा म्हणाले, ''धर्म बौद्ध लिहा, नाहीतर पोरींना घेऊन जातो.'' गुरुजींनी लिहिले. त्या एका शब्दापायी 1990 साली कायदा दुरुस्त होईपर्यंत केंद्राच्या सवलती मिळाल्या नाहीत. दादांनी शब्द बदलला नाही.

गेल्या जूनमध्ये थोरलीच्या नातीसाठी आम्ही त्याच शाळेत गेलो. वर्गात डोकावलो. नांदेड-यादगीरकडून बांधकामावर आलेल्यांची मुले, उत्तर प्रदेश-बिहारच्या कारागिरांची, एका नेपाळी वॉचमनचा मुलगा. पेठेतले एकही मूल नाही. आणि आपलेही नाही. बाई म्हणाल्या, ''पट टिकवायला आम्ही घरोघर फिरतो. तुमच्या वस्तीतही येऊन गेलो. मुले मिळत नाहीत.''

मार्च 1927 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी असाच पट मांडला होता. दर हजार वस्तीमागे प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची 119 मुले, मागासलेल्यांची 18. शाळेत शिरलेल्या शंभर मुलांतली चौथीपर्यंत पोचणारीही अठराच. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांवर वसूल करते, हेही त्यांनी सुनावले. आणि आमची मंडई? ती बांधण्यापेक्षा पैसा शिक्षणावर घाला, असे जोतीरावांनी नगरपालिकेत सांगितले होते. 1886 साली मंडई उभी राहिलीच, पुढे तिला नाव मात्र त्यांचेच दिले! त्यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा इथून चालत पाच मिनिटांवर होता. स्मारकासाठी 2023 साली पाडला.

घरी येऊन आम्ही मुलाला म्हणालो, ''तिथेच घालू. शिक्षण फुकट, बाई चांगल्या आहेत, मराठी पक्के होईल.'' तो म्हणाला, ''मला का नाही घातलेत तिथे?''

आम्ही गप्प. खरेच नव्हते घातले. भिशी उचलून, पहाटे तीनला उठून दोघींनी आपापल्या पोरांची इंग्रजी शाळेची फी भरली होती. शेजारच्या चार घरांनी तेच केले. पट असाच गळत गेला, आमच्याच हातांनी. पेठेतले आधी गेले आणि आम्ही त्यांच्या मागे गेलो. मुलगा आज बँकेत आहे, ते त्याच शाळेमुळे, असे तो म्हणतो. ते खोटे कसे म्हणावे?

त्याला 25 टक्क्यांच्या सोडतीत अर्ज करायचा आहे. 2024 साली सरकारने त्यातून पळवाट काढली होती, उच्च न्यायालयाने ती जुलैत रद्द केली. तो हक्क आपला आहे, सोडायचा कशाला, असे सून म्हणते. धाकटी म्हणते, आपण हक्काने तिकडे जायचे आणि यादगीरच्या पोरीने एकटीने इकडे बसायचे का?

बाईंनी दिलेला अर्ज कपाटावर आहे. नाव, जन्मतारीख, आईचे नाव भरून झाले. धर्माच्या रकान्यात थोरलीने 'बौद्ध' लिहिले आहे. खाली पालकांच्या सहीची जागा अजून कोरी आहे.