भरतीरेषेवरचे मेव्हणे

समुद्रकाठी आपला एक बंगला असावा, ही हौस माणूस समुद्रापासून जितका लांब राहतो तितकी वाढत जाते. कोकणातला माणूस समुद्र दिसावा म्हणून घर बांधत नाही. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजतात आणि पावसाळ्यात कौले उडतात, हे त्याला ठाऊक असते. आमचे मेव्हणे मात्र अमेरिकेच्या ऐन मध्यावर राहतात. समुद्र गाठायला मोटारीने अख्खा दिवस मोडतो. तेव्हा त्यांची हौस केवढी असेल, ते तुम्हीच पाहा.

गेल्या डिसेंबरात ते आले आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, "भाऊजी, दापोलीकडे एक व्हिला घ्यायचाय. फॅमिलीसाठी. तुम्ही बँकेत, तुम्हाला सगळं माहीत असणार."

बँकेतल्या कारकुनाला सगळे माहीत असते, असे फक्त सासुरवाडीला वाटते. मॅनेजरला तसे कधीच वाटलेले नाही. पण परकीय चलनाचा कायदा मी खात्याच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. पूर्वी १९७३ चा 'फेरा' होता. नावावरूनच तो चौऱ्यांशीचा वाटे. १९९९ साली त्याच्या जागी 'फेमा' आला. नाव जरा नाजूक झाले, एवढेच.

मी विचारले, "तू आता कोण?"

"म्हणजे काय? तुमचा मेव्हणा!"

"कायद्याने कोण?"

मेव्हण्यांनी अमेरिकेचा पासपोर्ट काढला आणि त्यावर ओसीआय कार्ड ठेवले. ही कार्डाची योजना २००५ सालची. तिच्या नावात 'नागरिक' हा शब्द आहे. पण कार्डवाल्याला इथे मत देता येत नाही आणि शेत घेता येत नाही. घर घेता येते, दुकान घेता येते. शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस विकत घ्यायचे नाही. ज्याचे मूळच इथले नाही आणि जो राहतोही बाहेर, त्या परदेशी माणसाला तर घरही विकत मिळत नाही. त्याने फार तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यावर समुद्र बघावा.

"मग हिचं काय?" मेव्हण्यांनी बायकोकडे पाहिले. ती सात पिढ्यांची अमेरिकन.

तिचीही सोय कायद्यात आहे. लग्न नोंदवलेले हवे आणि सलग दोन वर्षे टिकलेले हवे. मग नवऱ्याबरोबर एक घर तिच्याही नावावर होते. आमच्या सासूबाईंना हे लग्न मान्य करायला सहा वर्षे लागली होती. सरकार त्या मानाने मवाळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दापोलीकडे गेलो. तिथल्या एजंटाने पहिलाच प्लॉट असा दाखवला, की भरतीला ओटीवर बसून पाय धुता यावेत. मी १९९१ ची किनाऱ्याची अधिसूचना काढली. खेड्यातल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणायची तरतूद झाली. पण दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसे. गावाची निम्मी माणसे मुंबईच्या लोकलमध्ये दाटीने उभी. गावात दाटी कुठून यायची?

एजंटाला रक्कम शक्यतो डॉलरच्या नोटांत हवी होती. पैसे बँकेतूनच यावे लागतात, हे ऐकल्यावर त्याला एकदम दुसरे गिऱ्हाईक आठवले.

संध्याकाळी आम्ही चुलतभावाकडे उतरलो. सासऱ्यांची वडिलोपार्जित वाडी तिथेच, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सासरे वारल्यानंतरची वारसनोंद राहिली होती. चुलतभावाने सातबारा आणून ठेवला. सहहिस्सेदार एकूण अकरा. मेव्हणे उतारा वाचून म्हणाले, "यातलं काही विकत घेता येईल?"

"नाही. बागायत आहे. पण वारशाने जे येतं, ते तुझंच. त्याला फेमा आड येत नाही."

डॉलरला जे मिळत नव्हते, ते बापाच्या नावाने फुकट येत होते. मेव्हणे बराच वेळ गप्प होते.

आता बहिणीच्या हक्कसोडपत्राचा विषय निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. चुलतभावाने कागद तयारच ठेवला होता. मुलींना बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्तीही २००५ सालचीच. पण आमच्याकडे बहिणी सही करतात आणि भावाकडून साडी घेऊन जातात, ही वहिवाट त्याहून जुनी. हिने पर्समधून पेन काढलेसुद्धा.

मेव्हण्यांनी ते पेन काढून घेतले.

"ताई, सही नको करू. माझं नाव इथे लागलं तरी मी पाहुणाच. घरातलं कोणीतरी इथलं असू दे."

हिने पेन परत मागितले नाही. पदर मात्र डोळ्यांना लावला. वहिनीबाईंना काही कळले नाही, तरी त्यांनीही रुमाल काढला.

व्हिला अजून झालेला नाही. वाट्याला येणारी माडांची संख्या फेरफार मंजूर झाल्यावर कळेल. मे महिन्यात सगळे जमतात, पडवीत ओळीने गाद्या घालतात. समुद्र तिथून दिसत नाही. रात्री नुसता ऐकू येतो. आमची ही आता झोपताना मला सांगते, "तिकडे सरका, ही बाजू माझी आहे." आणि मी सरकतो. सातबारा तिच्याकडे आहे.