शेवट न सांगता

रहस्यकादंबरीची शिफारस करणं फार अवघड. कवितासंग्रह कुणाच्या हाती देताना आवडलेल्या ओळी म्हणून दाखवता येतात. इथे जे सर्वांत आवडलं तेच पोटात ठेवावं लागतं. म्हणून बहुतेक जण ‘शेवट अजिबात ओळखता येत नाही’ एवढं बोलून मोकळे होतात. मला नेमकी हीच शिफारस कुचकामी वाटते. शेवटच्या प्रकरणात आफ्रिकेतला जुळा भाऊ आणून उभा केला, की शेवट कुणालाच ओळखता येणार नाही. सांगायला हवं ते वेगळंच : लेखकाने वाचकाशी सचोटी पाळली का? ॲगाथा ख्रिस्तीच्या रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाच्या कादंबरीवर १९२६ साली फसवणुकीचा आरोप झाला. पण ती दुसऱ्यांदा वाचली की धागेदोरे पानोपानी उघडे पडलेले दिसतात. फसतो तो आपला डोळा.

यावर कुणी म्हणेल, बाबूराव अर्नाळकरांचे वाचक कुठे सचोटी मोजत बसले होते? हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या, आणि त्यांचा नायक झुंजार किंवा काळापहाड संकटातून सुटणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असे. खरं आहे. पण तिथला शब्दच वेगळा होता, साहसाचा आणि वेगाचा, आणि तो पाळला जाई. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंद एकाच लेखणीतून उतरले, तरी दोघांकडून वाचक एकच गोष्ट मागत नाही. तेव्हा पुस्तक काय देऊ करतं आणि ते देतं का, एवढं सांगितलं तरी शेवटाला हात न लावता पुरेसं बोलून होतं.

रोह्याच्या भाटे वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असे. शिक्के दोन-दोन दिवसांच्या अंतराने पडलेले दिसले, की पुस्तक हातातून सुटत नाही हे न विचारता कळे. हा पुरावा बोलका, पण तो वेगाचा, गुणाचा नव्हे. शिवाय नव्या कादंबरीची चिठ्ठी कोरीच असते. तिथे शिफारस करणाऱ्याच्या शब्दाखेरीज काहीच हाती नसतं. रोह्यासारख्या गावात तो शब्द फार जपून द्यावा लागतो, कारण पुस्तक नेणारा माणूस आठवड्याने बाजारपेठेत समोर येतोच. शेवट कळला की पुस्तक संपलं, असं मानणारे ग्रंथालयातल्या पुस्तकांवर रागही काढतात : कुणीतरी दहाव्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवतं. पुढचा वाचक ते खोडरबराने पुसतो. कागद उजेडात तिरपा धरला, तर दाबून लिहिलेली अक्षरं अजून उमटलेली दिसतात. आणि शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर त्यानंतरच्याही तारखा पडलेल्या असतात.