पाण्याला वाट

कोकणात गंज हवेतच असतो. रत्नागिरीला भाट्याच्या समुद्रापासून आमचं घर फार लांब नाही. खिडक्यांचे गज, विहिरीवरच्या पंपाचे नटबोल्ट, फाटकाची कडी, सगळंच दरवर्षी थोडं थोडं झडतं. अशा ठिकाणी 1978 सालची आमची प्रीमियर पद्मिनी अजून स्वतःच्या चाकांवर चालते, याचा मला फार अभिमान आहे.

बाबांनी ती जुनी घेतली होती. ते डॉक्टर, आडगावच्या व्हिजिटसाठी त्यांना गाडी हवी होती. मूळची इटलीची फियाट 1100, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं, पण घरात आणि गावात सगळे तिला फियाटच म्हणत. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली हाताचा गिअर, आणि मागच्या सीटवर आम्ही भावंडं. पेशंट पाऊस बघून आजारी पडत नाहीत, त्यामुळे ती वर्षं गाडीने सगळे पावसाळे अंगावर घेतले. शेवटी शेवटी मागची रबरी चटई उचलली की खालचा रस्ता दिसायचा. आम्हाला त्याची मजा वाटे. बाबांना मात्र तो पत्रा बघवत नसे.

ते तिला मिस्त्रींकडे घेऊन गेले, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. बाहेरून रंग उत्तम होता. मिस्त्रींनी दाराखालच्या लांब पोकळ पेटीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून जरासा दाब दिला, आणि तो सरळ आत गेला. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणजे ती पेटी हाच गाडीचा कणा. कापून उघडली तर आत ओला चिखल. पेटीच्या तळाला कारखान्यानेच बारीक भोकं ठेवलेली असतात, दारांनाही असतात. ती सगळी मातीने बुजून गेली होती. मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर, पाणी आत येणारच. त्याची जायची वाट बंद झाली, म्हणून पत्रा सडला." पुढे मी धातुशास्त्र शिकले, मोठमोठी पुस्तकं वाचली, पण गंजाबद्दल याहून कामाचं वाक्य मला कुठे सापडलं नाही.

पुढे बाबांनी रोजच्या वापराला दुसरी गाडी घेतली आणि फियाटला पावसाळी विश्रांती मिळू लागली. आमच्या किनाऱ्यावर तसंही सगळं या दिवसांत आवरतं घेतलं जातं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या. घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धांदल. त्यातच आमच्याकडे गाडीची आगोट. मे महिन्याचं ऊन असतानाच विहिरीच्या गोड्या पाण्याने ती धुवायची, वरून कमी आणि खालून जास्त. मडगार्डच्या आतल्या कडा, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथे साठलेली माती काढायची. सायकलचा जुना आरा घेऊन एकेक भोक मोकळं करायचं. हे काम माझं. मग दारं, डिकी, बॉनेट उघडं टाकून दिवसभर उन्हात वाळवायची.

या धुण्यामागे रसायनशास्त्र आहे. मीठ हवेतली ओल खेचतं. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण त्या ओलीत स्वतःच विरघळतो, आणि पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर पसरतो. आमच्याकडे जुलैत हवा आठवडेच्या आठवडे त्याहून ओली असते. म्हणजे गाडीवर पावसाचा एक थेंबही पडला नाही, तरी छपराखाली ती भिजतच असते. त्यात लोखंडाचा गंज सच्छिद्र. अॅल्युमिनियमवरचा थर घट्ट बसून खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा थर फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचा ताजा पत्रा उघडा पडतो. म्हणून वरून पुट्टी भरून रंग मारणं मला सहन होत नाही. आतली ओल तशीच कोंडून राहते, आणि मालकाला वाटतं काम झालं.

नोकरीसाठी मी काही वर्षं अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहिले. तिथे शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे 1966 ची मस्टँग होती, आणि ऑक्टोबर संपता संपता त्यांची तीच धावपळ बघून मला घर आठवलं. त्यांची भीती थंडीची नव्हती. कोरड्या थंडीत लोखंड फारसं गंजत नाही. भीती होती रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाची. त्या शहराच्या पोटात तर मिठाची खाणच आहे, सुमारे साडेतीनशे मीटर खोल. आणि दुसरी भीती मार्चची, जेव्हा गारठलेल्या पत्र्यावर उबदार हवा येऊन दव धरतं.

त्यांच्याकडून एक गोष्ट मी बाबांना फोनवर कळवली. आपल्याकडे जो तो सांगतो, उभ्या गाडीला आठवड्यातून पाच मिनिटं चालू करा. पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. सायलेन्सर पुरता तापला तर ते वाफ होऊन जातं. पाच मिनिटांत तो तापत नाही, पाणी आतच राहतं. एकतर अर्धा-पाऊण तास चालवून आणा, नाहीतर हात लावू नका. त्या पावसाळ्यापासून बाबांनी बॅटरी काढून ठेवायला सुरुवात केली.

आता बाबा नाहीत आणि आगोट माझ्याकडे आहे. चाकांखाली लाकडाचे ठोकळे लावते, हँडब्रेक सोडून ठेवते, नाहीतर लायनर ड्रमला धरून बसतात. बंपरच्या क्रोमला व्हॅसलीन, सायलेन्सरच्या तोंडाला उंदरांसाठी बोळा. टाकी गळ्यापर्यंत भरते. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे आणि ते पाणी ओढतं, त्यामुळे टाकीत हवेला जागा जितकी कमी तितकं बरं, आणि पाऊस सरला की ते पेट्रोल आधी वापरून टाकायचं. वर सुती चादर. निळी ताडपत्री पांघरलेल्या गाड्या दिसल्या की मला थांबून मालकाला हाक मारावीशी वाटते. प्लास्टिक हवं ते गाडीखाली, कारण ओल जमिनीतून चढते. शेडच्या चिऱ्यांच्या भिंतींवर, छपराच्या खाली, बाबांनी हातभर फट ठेवलेली आहे. ती मी बुजवू दिलेली नाही.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली. तेव्हापासून लोक फोटो काढायला थांबतात. सुटे भाग मात्र शोधावे लागतात, आणि पत्रा तर हातानेच घडवावा लागतो. यंदा मागच्या डाव्या चाकावर रंगाला फोड आलाय, रुपयाएवढा. वरून एवढा दिसतो म्हणजे आत तळहाताएवढा असणार. मिस्त्रींच्या मुलाला मी सांगितलंय, पुट्टी नको. चांगला पत्रा लागेपर्यंत काप, नवा तुकडा वेल्ड कर, आतल्या बाजूने जस्ताचा प्रायमर मार. तो म्हणाला, "ताई, नवरात्रानंतर उघडू. तोवर आतलं सुकेल." हे मला पटलं. तोवर त्या बाजूचं चाक काढून ठेवलंय.