ब्रॅगान्झा आजी

खामगावातील आमच्या दोन खोल्यांच्या घरात शिवणयंत्राचा आवाज हेच आमच्या बालपणाचे घड्याळ होते. वडील गेले तेव्हा आम्ही सहा वर्षांचे होतो आणि धाकटा भाऊ जेमतेम दोन. महिनाभराने आईने डोळे पुसले व मामांनी आणून दिलेल्या यंत्रावर ती बसली. कापड आणण्यासाठी तिला दुकानोदुकानी हिंडावे लागे. "बाईमाणसाने असे बाजारात फिरणे शोभते का?" असे विचारणारे परके नव्हते, आप्तच होते.

१९७३ साली 'बॉबी' चित्रपट आला आणि गावभर त्याची गाणी घुमू लागली. आपल्या ख्रिस्ती मुलीचे पडद्यावर प्रदर्शन मांडले आहे, एवढे ऐकूनच आईने तो पाहण्यास आम्हांला मनाई केली. पुढे कित्येक वर्षांनी तो दूरदर्शनवर लागला तेव्हा आई कुरकुरतच समोर बसली. पण श्रीमंताघरच्या मुलाला लहानपणी सांभाळणारी वृद्ध मिसेस ब्रॅगान्झा पडद्यावर आली आणि आईची कुरकुर थांबली. "ही बाई आपल्या मिस्सेला येणाऱ्या आज्यांसारखीच दिसते," ती म्हणाली. त्या नटीचे नाव दुर्गा खोटे असे आम्ही सांगताच तिने यंत्रावरचे कापड बाजूला सारले.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबातला. शिक्षण कॅथेड्रल शाळेत व सेंट झेवियर महाविद्यालयात झाले. श्रीमंत खोटे घराण्यात त्या सून म्हणून गेल्या. पण ते वैभव टिकले नाही. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरात दोन मुलगे होते. कुलीन घरच्या स्त्रीने चित्रपटात काम करणे म्हणजे अब्रू घालवणे, असा तो काळ. १९३१ साली 'फरेबी जाल'मधील छोट्या भूमिकेने त्यांनी पहिले पाऊल टाकले आणि त्याबद्दल समाजाचे बोल सोसले. दुसऱ्याच वर्षी, १९३२ मध्ये, शांतारामबापूंनी 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात त्यांना तारामतीचे काम दिले आणि नाके मुरडणारेच तिकिटासाठी रांगेत उभे राहिले! 'अमर ज्योती'त (१९३६) त्यांनी अन्यायाविरुद्ध शस्त्र उचललेली चाच्यांची नायिका रंगवली. नट एकाच कंपनीला बांधलेले असत, त्या दिवसांत त्या निरनिराळ्या कंपन्यांतून स्वतंत्रपणे काम करीत. १९३७ चा 'साथी' हा चित्रपट तर त्यांनी स्वतःच काढला.

वय वाढले तशी त्यांनी नायिकेची जागा सोडली, काम मात्र सोडले नाही. 'मुघल-ए-आझम'मध्ये (१९६०) पती आणि पुत्र यांच्यामध्ये होरपळणारी जोधाबाई ज्यांनी पाहिली ते ती विसरणार नाहीत. १९६८ साली पद्मश्री आणि पुढे १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९८८ मध्ये घराघरांत पाहिली गेलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच निर्मितीसंस्थेची. त्या वेळी त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

हे सारे आज लिहिण्याचे कारण निराळे आहे. आमच्या कन्येला नाट्यशिक्षणासाठी मुंबईस जायचे होते. प्रवेशअर्ज तिने भरून ठेवला होता, सही तेवढी आमची हवी होती. "चार लोक काय म्हणतील?" असे म्हणून आम्ही तो कागद परत केला. आई तेव्हा थकली होती, दृष्टी अधू झाली होती. ती शांतपणे एवढेच म्हणाली, "मी मशीनवर बसले तेव्हाही चार लोक हेच म्हणत होते. त्यांचे ऐकले असते तर तू आज सही करण्याएवढा शिकला असतास का?"

आम्ही निरुत्तर झालो. पण सही केली नाही. हे कबूल करताना लाज वाटते. आमच्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. तेथे सहलीला जाऊन मुलांना आम्ही त्या मातेचे धैर्य सांगत असू. मात्र धैर्य आमच्याच उंबरठ्यावर येऊन उभे राहिले तेव्हा आम्ही दार लावून घेतले.

कन्या बँकेत नोकरीला लागली. ती रागावली नाही, हेच अधिक बोचते. दर नाताळास ती आमच्या धर्मग्रामातील मुलांचे नाटक बसवते. गेल्या वर्षी एक लाजरी मुलगी रंगमंचावर जायला तयार होईना. तिच्या वडिलांनाही ते फारसे रुचलेले नव्हते. कन्या काही बोलण्याआधी आम्हीच त्या गृहस्थांजवळ जाऊन बसलो व त्यांना आमच्या आईची गोष्ट सांगितली.

मुलगी रंगमंचावर गेली. पहिल्या रांगेत आईची खुर्ची आता रिकामी असते. त्या संध्याकाळी आम्ही तिच्या शेजारीच बसलो होतो.