बंदुकीच्या नळीत बोट

अमेरिकेच्या पश्चिम भागातील घोडेस्वारांचे गंभीर चित्रपट मला फारसे रुचत नाहीत. ज्याचा हात बंदुकीवर चपळ, तोच त्यांत थोर ठरतो. विनोदी चित्रपट मात्र हा ताठा उतरवितात. १९६९ सालच्या ‘सपोर्ट युअर लोकल शेरीफ’ या चित्रपटात तुरुंगाला गजच नाहीत! शेरीफ, म्हणजे गावचा फौजदार, जमिनीवर खडूची रेघ ओढतो, तांबडा रंग शिंपडतो. आणि ते रक्तच समजून दांडगा कैदी रेघेआडच थांबतो. पुढे कैद्याचा बाप बंदूक रोखतो, तेव्हा फौजदार नळीतच बोट घालतो. आपण पोट धरून हसतो. पण दहशतीचे अर्धे बळ आपल्याच भयात असते, हेही उमगते. वाचकहो, मुलांना वीर दाखवावा तर असा.