मोटार सहसा जळत नाही

केळीचा चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. संध्याकाळपर्यंत त्याचा तपकिरी डाग होतो आणि सदरा फाटेपर्यंत तो जात नाही, कारण चिकातल्या टॅनिनवर हवेचा परिणाम होऊन जे तयार होतं ते साबणाला दाद देत नाही. खानदेशातल्या फैजपूर, सावदा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात घड कापणाऱ्यांचे आणि वाहणाऱ्यांचे कपडे त्यावरूनच ओळखू येतात. त्यात शेतातली गाळाची माती, ट्यूबवेलचं जड पाणी आणि मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन. एवढं सगळं सोसून इथल्या घरांत दोन टबांचं जुनं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन टिकून आहे. शेतातले कपडे त्यात हवे तितका वेळ भिजत ठेवता येतात, साबणाचं तेच पाणी दुसऱ्या खेपेला वापरता येतं आणि वीज मधेच गेली तरी फारसं अडत नाही.

हे मशीन बंद पडलं की घरात पहिला निकाल ठरलेला: ‘मोटार जळाली.’ दुसरा निकाल भंगारवाल्याचा. दोन्ही बहुतेक वेळा चुकतात. या मशीनमधली मोटार दणकट असते. आधी बिघडतात ते तिच्या आजूबाजूचे कंडेन्सर, पट्टा, सील, टायमर आणि झाकणाखालचा छोटा स्विच. मागचं झाकण चार-सहा स्क्रूंवर असतं. ते काढलं की सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर येते, आणि जुन्या मशीनचा हाच मोठा गुण.

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे मशीन ‘हूं’ असा आवाज करतं, पण फिरत नाही. सिंगल फेज मोटारीला स्वतःहून सुरुवात करता येत नाही. तिच्या दोन वाइंडिंगमधल्या प्रवाहांत अंतर पाडून पहिला धक्का देण्याचं काम कंडेन्सर करतो. धुण्याच्या मोटारीला बहुधा 10 आणि ड्रायरच्या मोटारीला 5 मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर असतो. नेमका आकडा त्याच्या अंगावरच छापलेला असतो. आधी प्लग काढावा आणि टबातली चकती हाताने फिरवून पाहावी. ती सहज फिरत असेल तर संशय कंडेन्सरवर. अडत असेल तर तिच्याखाली नाणं, बटण किंवा केसांची पिन अडकली आहे का ते पाहावं. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहू शकते, म्हणून होल्डरमधल्या साध्या तारेच्या बल्बची दोन टोकं त्याला लावून तो रिकामा करायचा आणि मगच हात लावायचा. फुगलेला, गळलेला कंडेन्सर नुसत्या नजरेने ओळखू येतो. बाकीचे मल्टीमीटरवर कळतात: 10 चा कंडेन्सर 7 दाखवत असेल तर तो गेला. बदलताना तेवढ्याच क्षमतेचा घ्यावा. ‘मोठा टाकला की जोर वाढतो’ या समजापायी चांगल्या मोटारी तापून निकामी होतात.

कंडेन्सर ठीक आहे आणि तरी मशीन दमतंय, असं असेल तर व्होल्टेज मोजावं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज सुमारे 22 टक्के उतरलं, पण जोर जवळजवळ 40 टक्क्यांनी गेला. ओल्या चादरींनी भरलेला टब मग हलणार कसा? शेतीपंपांचे आणि गावठाणाचे फीडर जिथे वेगळे झाले, तिथे गावातल्या घरांचा हा त्रास कमी झाला आहे. मळ्यातलं घर शेतीच्या फीडरवर असेल, तर आजूबाजूचे पंप सुरू असताना मशीन लावू नये. तिथे कपडे निम्मेच टाकणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

ड्रायरची कथा वेगळी, आणि माझ्या मते या मशीनमध्ये सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं ते तिथेच. ड्रायर फिरत नसेल तर आधी वरचं झाकण तपासावं. झाकण नीट बसलं नाही तर खालचा स्विच जुळत नाही आणि वीज पुढे जातच नाही. झाकणाबरोबर ओढली जाणारी ब्रेकची तार गंजून अडकली असेल तर मोटार फिरू पाहते आणि ब्रेक तिला धरून ठेवतो. आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या फटीत लहान मुलाचा मोजा किंवा रुमाल उतरलेला असणं हेही नेहमीचंच. खरं नुकसान मात्र सीलमुळे होतं. ड्रायरच्या टबाखालचं रबरी सील उन्हाने कडक होऊन चिरतं, पाणी दांड्यावरून थेंबाथेंबाने खालच्या मोटारीवर उतरतं, बेअरिंग गंजतं आणि ड्रायर किंचाळायला लागतो. किंचाळणं सुरू झालं त्याच आठवड्यात सील बदललं तर खर्च थोडक्यात भागतो. सहा महिने तसंच चालवलं तर मोटारीत पाणी जातं, आणि मग ‘मोटार जळाली’ हे खरं होतं. खानदेशात मशीन बऱ्याचदा मागच्या अंगणात उघड्यावर असतं. त्याच्यावर जाड कापड किंवा पत्र्याची सावली केली तर रबर आणि प्लास्टिक दोन्हींचं आयुष्य वाढतं.

टबात पाणी थांबत नसेल तर ड्रेनच्या झडपेत कचरा अडकलेला असतो. झडप उघडून धुतली की काम होतं.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. त्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो टबांच्या भिंतींवर, जाळीत, नळीत बसतो. फेस येत नाही म्हणून पावडर वाढवली की साकाही वाढतो. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून रिकामं मशीन अधूनमधून फिरवावं, पाणी अर्धा तास तसंच ठेवून सोडून द्यावं. हीटर असलेल्या फ्रंट लोड मशीनला तर हे टाळून चालणारच नाही, कारण पाणी तापलं की क्षार थेट हीटरवर जमतात.

मोटार खरोखर जळली तरीही फैजपूरसारख्या गावात वाट बंद होत नाही. विहिरी आणि ट्यूबवेलच्या पंपांवर जगणाऱ्या बागायती भागात मोटारी भरणारे कारागीर असतातच. तांब्याच्या तारेची मोटार त्यांच्याकडून भरून घेता येते. ॲल्युमिनियमच्या तारेची असेल तर नवीच बसवणं परवडतं. ही माणसं या भागाची मोठी ठेव आहेत. महानगरात मोटार थेट फेकली जाते, इथे ती उघडून पाहिली जाते.

सुट्या भागांचंही तसंच. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनची मशीनं महाराष्ट्रात घराघरांत गेली. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण ती मशीनं थांबली नाहीत, कारण दोन टबांच्या मशीनचे टायमर, पट्टे, सील, कंडेन्सर बाजारात इतर कंपन्यांचेही जुळणारे मिळतात. नव्या मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर अशी सोय नसते. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान 10 वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि पोर्टलही सुरू केलं. तशीच सक्ती इथे कायद्याने यायला हवी, तीही लवकर.

प्रत्येक जुनं मशीन वाचवावं असं नाही. तळाचा पत्रा गंजून मोटारीचा आधार सुटला असेल किंवा टबालाच तडा गेला असेल, तर पैसे घालू नयेत. अशा मशीनची गणना ई-कचऱ्यात होते, तेव्हा ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावं.

ज्यांच्या घरी जुनं मशीन आहे त्यांना एकच विनंती. या दिवाळीच्या धुण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. ओल्या हातांनी मशीनला शिवताना ‘थोडी झिणझिणी’ येत असेल तर ती सवयीची गोष्ट समजू नका. त्या दिवशी मशीन बंद ठेवा.