मागून येणाऱ्याचा वाटा

वाटेवर विहीर खणावी, पाणपोई घालावी, सावलीसाठी वड-पिंपळ लावावेत, हे आपल्याकडे पूर्वापार पुण्यकर्म मानले गेले आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या राजवटीत देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. त्यांचा लाभ कोणास होणार, हे त्या माउलीस ठाऊक नव्हते. विहीर खणणारा आपले काम करून जातो. पाणी पितो तो कोणी अनोळखी वाटसरू. परंतु या पुण्यात खणणाऱ्याइतकाच पिणाऱ्याचाही भाग असतो, ही गोष्ट आमच्या ध्यानी आली ती २०२५ च्या मे महिन्यात, विजेच्या मोटारीने फोंड्याहून पुण्यास जाताना.

विजेची मोटार ही अगदी कालची नवलाई आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ताशी १०० किलोमीटरांचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्याच मोटारीने, १८९९ साली. कामिय जेनात्सी हा बेल्जियन गृहस्थ ती हाकीत होता. मात्र पेट्रोलच्या मोटारीलाही आरंभी वाटेत खाणे-पिणे मिळत नसे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही जर्मन स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला आईच्या भेटीस निघाली. तेव्हा पेट्रोलचे पंप कोठून असणार? वीसलोख गावी तिने औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेतले आणि आपला प्रवास पुरा केला. नव्या वाहनाच्या पहिल्या वाटसरूंना नेहमीच कोणा ना कोणा अनोळखी दारावर अवलंबून राहावे लागते.

आज विजेच्या मोटारीचे ते दार म्हणजे चार्जिंग स्टेशन. आपल्या देशात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली असे केंद्र चालविण्यास वेगळा परवाना लागणार नाही, असे स्पष्ट केले आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांवर एक केंद्र असावे, असे मार्गदर्शक धोरण आखले. तेव्हापासून खाणावळींची अंगणे, पेट्रोलपंपांचे कोपरे अशा ठिकाणी ही केंद्रे उभी राहू लागली. कपाटाएवढे यंत्र, त्याला जाडजूड केबल आणि तिच्या टोकास पिस्तुलाच्या आकाराचा प्लग, एवढाच त्यांचा थाट. बहुधा तेथे माणूस नसतो. फोनवरून पैसे भरावेत, प्लग लावावा आणि यंत्रावरील आकडे पाहत बसावे.

हे आकडे समजून घेण्यासारखे आहेत. आमच्या मोटारीच्या बॅटरीत सुमारे ४० युनिट वीज मावते आणि सपाट रस्त्यावर एका युनिटात ती साधारण साडेसहा किलोमीटर धावते. घाट आला की हिशेब बदलतो. माणसे व सामान धरून सुमारे २,००० किलोग्रॅम वजन ८०० मीटर उंच चढवावयाचे, तर गणिताने पाहता केवळ त्या चढासाठी सव्वाचार युनिटांहून अधिक वीज लागते. उतारावर मोटारीचे यंत्रच जनित्र बनून त्यातील काही भाग बॅटरीस परत करते. सगळा मात्र नाही. दुसरी गोष्ट अशी की, बॅटरी प्रारंभी वेगाने भरते आणि शेवटी अगदी सावकाश. घागर नळाखाली धरली म्हणजे आरंभी आपण तोटी पूर्ण सोडतो, पण पाणी गळ्याशी आले की तोटी आवळतो, तसेच हे. साधारण ८० टक्क्यांनंतर बॅटरीस इजा होऊ नये म्हणून विजेचा प्रवाह कमी कमी केला जातो. म्हणून जाणकार प्रवासी ८० टक्के होताच प्लग काढून वाटेस लागतात.

आमच्या प्रवासाचे निमित्त आनंदाचे नव्हते. पुण्यास आईची थोरली बहीण, आमची मावशी, रुग्णालयात होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. तिचे वय ८४. आईचा हट्ट एकच होता : त्यापूर्वी एकदा तिचा हात हाती घ्यावयाचा. रुग्णास भेटण्याची वेळ रात्री आठपर्यंतच होती. आम्ही सकाळी सातला निघालो, चोर्ला घाट चढून बेळगाव गाठले आणि सव्वाअकराच्या सुमारास संकेश्वरच्या अलीकडे एका केंद्रावर थांबलो, तेव्हा बॅटरी २४ टक्क्यांवर आली होती.

तेथे दोन यंत्रे होती. एकावर 'बंद आहे' असा कागद चिकटविलेला. दुसऱ्यावर एक पांढरी मोटार लागली होती आणि यंत्राच्या पडद्यावर ८८ हा आकडा होता. मालक जवळपास दिसेना. काचेवर फोनचा क्रमांकही लिहिलेला नव्हता. पुढचे केंद्र निपाणीच्या पलीकडे. ते तरी मोकळे असेल याची शाश्वती काय? आम्ही थांबलो. ८९ झाले, ९० झाले. आई मोटारीत पदराने वारा घेत बसली होती. ती काही बोलली नाही, परंतु दर थोड्या वेळाने किती वाजले म्हणून विचारी. अखेर समोरच्या चहाच्या टपरीवरील मुलाने आपण होऊन खाणावळीत जाऊन चौकशी केली आणि मोटारीच्या मालकास घेऊन आला. ५० मिनिटे उलटून गेली होती आणि पडद्यावर ९७ होते. तो गृहस्थ सज्जन होता. "पूर्ण भरूनच निघावं म्हटलं, कोणी थांबलं असेल हे लक्षातच आलं नाही," असे म्हणून त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि लगबगीने प्लग काढून दिला.

त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. जे घेतले त्याचे पैसे दिले होते. तरीही आम्ही मनाशी हिशेब मांडला. त्या ५० मिनिटांत त्याच्या बॅटरीत चार युनिटेही पडली नव्हती. त्यानंतरच्या ५० मिनिटांत त्याच यंत्रातून आमच्या बॅटरीत २२ युनिटे भरली. वेळ तोच, यंत्र तेच. पण एकाच्या गळ्याशी आलेल्या घागरीत थेंब थेंब पडत होते आणि दुसऱ्याची रिकामी घागर रांगेत उभी होती. सार्वजनिक वस्तूची नासाडी तोडफोडीनेच होते असे नाही. गरज संपल्यावरही जागा अडवून बसण्याने ती अधिक होते आणि तिचा आवाजही होत नाही.

कोल्हापूर मागे पडले, कराड मागे पडले. चार वाजण्याच्या सुमारास साताऱ्याच्या अलीकडील केंद्रावर पोहोचलो तेव्हा बॅटरी १५ टक्क्यांवर होती. येथे एकच यंत्र आणि तेही मोकळे! आम्ही हायसे वाटून प्लग लावला. ८० टक्के करून निघावे, म्हणजे खंबाटकीचा घाट आणि पुण्याच्या वेशीवरील गर्दी यांची धास्ती उरणार नाही, असा बेत होता.

पाऊण तास झाला. आकडा ६४ वर आला आणि इतक्यात एक भाड्याची मोटार आत शिरली. चालक तिशीच्या आतला, घामाघूम झालेला. मागे दोन उतारू बसले होते. त्याने आमच्या पडद्याकडे पाहिले, आपल्या मोटारीतील आकड्याकडे पाहिले आणि काही न बोलता बाजूस उभा राहिला. विचारल्यावर म्हणाला, "सात टक्के उरलेत, सर. माणसांना सहाची रेल्वे गाठायचीय. तुमचं होऊ द्या."

आम्ही घुटमळलो. पुण्यापर्यंतचा हिशेब सुमारे १९ युनिटांचा होता आणि आमच्यापाशी साडेपंचवीस होती. कागदावर ती पुरेशी होती. परंतु घाटात किंवा गर्दीत हिशेब चुकला आणि पुन्हा कोठे थांबावे लागले, तर आठची वेळ टळणार. आणि सकाळी पन्नास मिनिटे गेल्याने हाती सवड अशी उरलीच नव्हती. आणखी वीस मिनिटे थांबणे हा आमचा हक्कच होता. त्या प्रवासात सर्वांत जास्त गमावण्यासारखे जिच्यापाशी होते, तीच तेव्हा खिडकीतून म्हणाली, "आमचें जालें न्हय रे पुता? आतां तांचें जावं दी."

तिला युनिट ठाऊक नाही, टक्केवारी ठाऊक नाही. परंतु ती लहानपणी वाड्यावरच्या विहिरीवर पाणी भरलेली. आपला कळसा भरला की रहाट दुसरीच्या हाती द्यावयाचा, मग घरी कितीही भांडी रिकामी असोत, हा धडा तिने तेथे गिरविला होता. आम्ही प्लग काढून त्या चालकाच्या हाती दिला. उरलेला प्रवास वातानुकूलन बंद ठेवून, काचा खाली करून, बेताच्या वेगाने केला. खंबाटकीच्या चढावर आकडा भराभर उतरू लागला तेव्हा छाती धडधडली, हे खरे. साडेसातच्या आत रुग्णालयाच्या दारी पोहोचलो. बॅटरीत १६ टक्के शिल्लक होते. दोघी बहिणी अर्धा तास एकमेकींचा हात धरून बसल्या. फारसे काही बोलल्याही नाहीत.

तो चालक रेल्वेच्या वेळेस पोहोचला की नाही, हे आम्हांस कधीच कळणार नाही. विहीर खणणाऱ्यासही कोण पाणी पिऊन गेला हे कळत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण पुढे अशा मोटारी हाकाल. तेव्हा आजच्याहून वेगवान यंत्रे असतील आणि त्यांची संख्याही वाढलेली असेल. परंतु रांग कोठे ना कोठे असेलच. वाचनालयातील पुस्तक, शाळेतील पाण्याचा नळ, प्रयोगशाळेतील एकुलता एक सूक्ष्मदर्शक, हीदेखील चार्जिंग स्टेशनेच होत. आपल्या गरजेपुरते घ्यावे, घेऊन झाले की तत्परतेने उठावे आणि जागा सोडून जाणे भागच पडले तर आपला ठावठिकाणा ठेवून जावे. पुण्याहून परतताना आम्ही एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत आमचा फोनचा क्रमांक लिहिला आणि खाली एक ओळ जोडली : 'आपणांस घाई असल्यास कृपया बोलवावे.' प्लग लावला की तो पुठ्ठा आम्ही काचेशी ठेवतो. आजवर दोनदा बोलावणे आले आणि दोन्ही वेळा हातातला चहा अर्धा टाकून आम्ही उठलो.